जुन्या माउंटन बाइक: जपायचं काय, बदलायचं काय?

आज कोड नाही, करिअर नाही. आज सायकली. माझ्याकडे तीन जुन्या माउंटन बाइक आहेत. १९८८ची स्पेशलाइज्ड स्टम्पजंपर, १९९२ची ब्रिजस्टोन एमबी-३ आणि १९९५ची जीटी झास्कर. तिन्ही माझ्यापेक्षा वयानं मोठ्या. लोक विचारतात, एवढ्या जुन्या वस्तू चालवतोस कशाला, भिंतीला टांगून ठेव की. त्याचंच उत्तर आज देतो.

मी पुण्याचा, बीटेकनंतर नोकरीसाठी सॅन फ्रान्सिस्कोजवळ आलो. इथून पूल ओलांडला की मरीन काउंटी, म्हणजे माउंटन बाइकचं माहेरच. १९७०च्या दशकात इथली काही पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायची. २१ ऑक्टोबर १९७६ला फेअरफॅक्स गावाजवळ त्यांनी पहिली शर्यत लावली. उतार साधारण ३ किलोमीटरचा, आणि तेवढ्यात जवळजवळ ४०० मीटर खाली! मागच्या हबमध्येच ब्रेक असायचा. तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोचलं की हब उघडून पुन्हा ग्रीस भरायचं. इंग्रजीत त्याला रिपॅक म्हणतात, म्हणून शर्यतीचंही नाव रिपॅक. पुढं जो ब्रीझनं १९७७मध्ये खास या कामासाठी फ्रेम बनवली आणि १९८१मध्ये स्टम्पजंपर मोठ्या प्रमाणावर बाजारात आली.

म्हणजे बघा, या शर्यतीचं नावच मुळी मेंटेनन्सवरून सुरू होतं.

आता गंमत अशी की या सायकली उघडल्या की आत सगळं ओळखीचं निघतं. पुण्यात कोपऱ्यावरचे सायकलवाले काका ओव्हरहॉलिंग करायचे, तेच काम. कप, कोन, छर्रे. माझ्या सायकलींच्या मागच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला पाव इंची ९ छर्रे, पुढच्यात जरा लहान, १० - १०. रॉकेलऐवजी मी डीग्रीझर वापरतो, एवढाच फरक. छर्रे दर वेळी नवेच घालतो, स्वस्त असतात. कोनवर खड्डे पडलेत का ते बघायचं, कारण खड्डे पडलेला कोन नवे छर्रेही खातो. मग १३ आणि १५ नंबरचे पातळ पाने घेऊन कोन आवळायचे. इथं एक बारकावा आहे: क्विक रिलीज असेल तर किंचित ढिलं ठेवायचं. लिव्हर बंद केला की एक्सल दाबला जातो आणि ती ढिलाई निघून जाते. आधीच घट्ट केलं तर चाक जड फिरणार.

आता मूळ प्रश्न. जुन्या सायकली गोळा करणाऱ्यांत एक पंथ आहे, सगळं ओरिजिनल हवं म्हणणारा. केबल, ग्रिप, टायरसुद्धा त्याच काळातले. त्यांचं प्रेम खरं आहे, आणि तशा सायकलीला किंमतही चांगली येते. पण मला चालवायच्या आहेत, म्हणून मी दोन याद्या केल्यात.

पहिली यादी: ज्यावर जीव तोललेला आहे ते सगळं नवं. ॲल्युमिनियमचा हँडलबार यात पहिला. स्टील बऱ्याचदा वाकून इशारा देतं. ॲल्युमिनियम वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी आतून थकत जातं आणि एक दिवस तुटतं. तीस वर्षांत तो बार किती वेळा आपटलाय, मला काय माहीत? म्हणून सायकल घरात आली की बार बदलायचा. ब्रेकची रबरं वयानं दगडासारखी होतात, तीही नवी. केबल नव्या. रिमवरून बोट फिरवायचं. ब्रेक घासून घासून बाजू आत वाटीसारखी झाली असेल तर रिम बाद. टायरमधल्या हवेच्या दाबानं ती कड चालता चालता फुटू शकते.

दुसरी यादी: जे दुरुस्त होतं ते राहू द्यायचं. फ्रेम, हब, क्रँक, गिअर. स्टम्पजंपरचे गिअर अंगठ्यानं फिरवायचे, आणि त्यातलं क्लिक बंदही करता येतं. मग गिअर अंदाजानं लावायचा. साधी यंत्रणा, म्हणूनच अजून जिवंत. याउलट झास्करच्या पुढच्या शॉकमध्ये फोमच्या स्प्रिंगा होत्या, त्यांचा चिकट लगदा झाला होता. तिथं स्टीलच्या स्प्रिंगा घातल्या. बाहेरून फरक कळत नाही.

आणि टांगून ठेवायचं म्हणाल, तर उभी सायकल हळूहळू मरते. शिफ्टरमधलं ग्रीस सुकून गोंद होतं. टायर बाजूनं तडकतात. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा सीटचा दांडा गंजून असा जाम होतो की करवतीनं कापावा लागतो. म्हणून दर सहा महिन्यांनी दांडा काढायचा, पुसायचा, ग्रीस लावून परत घालायचा. तिन्ही सायकली आळीपाळीनं बाहेर काढतो. डिस्क ब्रेकवाले मित्र उतारावर पुढे निघून जातात, जाऊ देत. मला ब्रेक आधीपासून दाबावा लागतो, रस्ता नीट वाचावा लागतो. तिथंच तर मजा आहे.

माझा एक नियम आहे. वर्षभरात जी सायकल चाललीच नाही, ती चालवणाऱ्याला देऊन टाकायची. याच नियमानं गेल्या वर्षी चौथी सायकल ऑफिसातल्या एका इंटर्नकडे गेली. देताना जिवावर आलं, खोटं कशाला बोलू. पण आता ती रोज रस्त्यावर असते.

तुमच्या गच्चीवर किंवा जिन्याखाली एखादी जुनी गिअरची सायकल पडली असेल, तर या रविवारी एवढंच करा: ब्रेकची रबरं बघा, रिमवर बोट फिरवा, सीटचा दांडा हलतोय का बघा. मग जवळच्या सायकलवाल्या काकांकडे न्या. काय निघालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!