रोप विकण्याआधी मागणी लिहा

आज भाजीपाल्याच्या रोपवाटिकेविषयी बोलूया. पण सुरुवात आमच्या गटाच्या चुकीपासून करते.

आम्ही दहा जणी. पहिल्या वर्षी हाताला गुण आला, म्हणून दुसऱ्या वर्षी मे महिन्यात टोमॅटोचे 100 ट्रे भरले. एका ट्रेला 98 खाने, म्हणजे 9,800 बिया. "मला दोन हजार ठेवा गं", "मला हजार ठेवा", असं सगळे तोंडी सांगून गेले. आगाऊ रुपया कुणाकडून घेतला नाही. मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरडी गेली. आमच्या माणदेशात पाऊस नाही तर लागण कोण करणार? पंचवीस-तीस दिवसांत शेतात जायला हवी होती ती रोपं दीड महिना ट्रेमध्येच राहिली. लांबुळकी झाली, मुळं खान्यात गोल फिरली. सहा हजार रोपं शिल्लक.

तेवढ्यात शेजारच्या गावची एक वहिनी आली. "अर्ध्या दरात द्या, सगळी नेते," म्हणाली. गटाच्या अंगावर 11,000 रुपयांचं कर्ज होतं. आमच्यातल्या निम्म्या जणी म्हणाल्या, देऊन टाका. तेव्हा आमच्या अक्का बोलल्या, "तिच्या घरचे पैसे पण गटातूनच उचललेले असतील. पीक आलं नाही तर ती हप्ता कशाने भरेल?" रोपं खड्ड्यात गेली. आम्ही दहा जणींनी महिन्याला शंभर रुपये जादा भरून अकरा महिन्यांत कर्ज फेडलं. घरी बोलणी खाल्ली ती वेगळीच.

तेव्हापासून आमचे नियम ठरले. पहिला नियम: आधी वहीत मागणी, मग ट्रेमध्ये बी. नाव, पीक, वाण, रोपांची संख्या, न्यायची तारीख आणि निम्मी रक्कम आगाऊ. पाव्हणा असला तरी पावती. बियाणं शेतकऱ्याचं असेल तर फक्त रोप वाढवण्याची मजुरी घ्यायची. बियाणं आपलं असेल तर बिल आणि पाकिटावरचा लॉट नंबर जपून ठेवायचा. उद्या वाणाची तक्रार आली तर तोच आपला पुरावा.

दुसरा नियम: तारीख उलटी मोजायची. टोमॅटोला 25 ते 30 दिवस, वांग्याला 30 ते 35, मिरचीला 35 ते 40. शेतकऱ्याला रोप कधी हवंय ते विचारून तेवढे दिवस मागे जायचं. सगळ्या बिया उगवत नाहीत, म्हणून 5,000 रोपांच्या मागणीला आम्ही 60 ट्रे भरतो, म्हणजे 5,880 बिया.

आता काम कसं करायचं ते सांगते. कोकोपीट भिजवून मुठीत दाबा. चार-दोन थेंब पडले की ओल बरोबर. एका खान्यात एकच बी, अर्धा सेंटिमीटर खोल. ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकने झाका, पण तिसऱ्या दिवसापासून रोज उघडून बघा. कोंब दिसला की लगेच ट्रे शेडनेटखाली पसरा. एक दिवस उशीर झाला तरी रोप लांबतं. पाणी बारीक झारीने सकाळी द्या. पाणी जास्त झालं की बुडातून कुजून रोपं कोलमडतात. बाजूंनी 40 मेशची कीटकरोधक जाळी लावा. पांढरी माशी आत शिरली तर टोमॅटोची पानं मुरडणारा रोग रोपाबरोबर शेतकऱ्याच्या रानात जातो. रोपं देण्याआधी चार-पाच दिवस पाणी कमी करा आणि ऊन दाखवा, म्हणजे ती कणखर होतात.

हिशेबात एक गोष्ट हमखास राहते, ती म्हणजे आपली मजुरी. बी, कोकोपीट, औषध लिहितो आणि सकाळ-संध्याकाळचे आपले दोन तास लिहीत नाही. मग नफा दिसतो, पण तो आपल्याच घामाचा असतो. पाळी लावा, तास लिहा, रोजाच्या दराने खर्चात धरा आणि मगच रोपाचा दर ठरवा.

मोठं करायचं असेल तर राज्य सरकारची पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना आहे. त्यात महिला गटांना प्राधान्य आहे, पण स्वतःची जमीन आणि पाण्याची सोय लागते. म्हणून आधी सातबारा काढून त्यावर आपलं नाव आहे का ते बघा, मग तालुका कृषी कार्यालयात चौकशी करा. आंबा, डाळिंब अशा फळझाडांची कलमं विकायची असतील तर 1969 च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो, हेही ध्यानात ठेवा.

यंदा सुरुवात करणार असाल तर 10 ट्रे भरा, शंभर नको. पुढच्या बैठकीत बचतीची वही मिटली की दुसरी कोरी वही उघडा आणि पहिल्या पानावर विचारा, "कुणाला, कोणतं, किती आणि कधी?" पान भरलं की बी आणायला जा.