उपास नऊ दिवसांचा, काम तेवढंच
(परभणी जिल्ह्यातील एका महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



उपास करू नका, हे सांगायला मी उभी नाही. ज्याची त्याची श्रद्धा. मला बोलायचंय ते हिशोबाबद्दल.

आपल्याकडे घट बसतात त्याच सुमाराला सोयाबीन काढणीला येतं. गुत्तं घेतलेलं असतं, आभाळ आलं की मालकाची घाई. म्हणजे वर्षातलं सगळ्यात कंबरमोड काम आणि वर्षातला सगळ्यात मोठा उपास एकदमच बाईच्या अंगावर येतात. वर घरच्यांची भाकरी-भाजी वेगळी आणि उपासाचं वेगळं, असा स्वयंपाक दोनदा. उपास जेवणाला असतो, कामाला नसतो.

अन्नातली ताकद कॅलरीत मोजतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे बसून काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी लागतात, जड कष्ट करणारीला २७२०. आता नवरात्रातला आपला दिवस मांडा. दोन कप चहा, रात्री वाटीभर भगर, मूठभर दाण्यांची आमटी, एखादा बटाटा. सगळं मिळून सातशेच्या आसपास. रोजची दोन हजारांची तूट! नऊ दिवस ती कुठून भरते? आपल्याच अंगातून. चरबी झिजते, तसं मांसही झिजतं.

आणि अंगात शिल्लक तरी किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या चोपन्न बायांना रक्त कमी आढळलं. त्यात कुणी नवरात्रात अनवाणी राहतात. ओल्या मातीतला आकडी कृमी तळपायातूनच शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो. पायात चप्पल घातली म्हणून देवी रागावते, हे कुणी ठरवलं?

मग काय करायचं? उपासाला चालणाऱ्या पदार्थांतच शोधू. साबुदाणा म्हणजे नुसतं पीठूळ. ताकद देतो, पण त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. त्यापेक्षा भगर बरी, राजगिरा त्याहून चांगला. पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांत पावणेतीनशे कॅलरी आणि बारा ग्रॅम प्रथिनं असतात. सोबत गुळाचा खडा घ्या. घरात दूध असेल तर पेलाभर दूध आधी उपास करणारीला, मग चहाला. खाणं रात्रीवर ढकलू नका, शेतात जायच्या आधी खा. आपल्या मुसलमान बहिणी रोजा धरतात, पण पहाटे सहरी करूनच. गरोदर, अंगावर पाजणारी किंवा आजारी असेल तर त्यांच्यात सूटही आहे. आपल्यातही उठता-बसता उपास आहेच की! पहिला आणि शेवटचा दिवस धरला तरी नवरात्र पाळलं जातं. मला तरी तो रस्ता शहाणपणाचा वाटतो.

भगरीचं पीठ मात्र जुनं, उघडं घेऊ नका. २०२४ च्या फेब्रुवारीत शेजारच्या नांदेड जिल्ह्यात कोष्टवाडीला एकादशीच्या प्रसादातून विषबाधा होऊन शेकडो माणसं दवाखान्यात गेली होती. भगर निवडून, धुऊन घरीच दळा.

आता घरातल्या माणसांबद्दल. त्यांनाही एकादशी असते. खिचडी आयती ताटात येते आणि दुपारी डुलकीही होते. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईला दळू लागायला म्हणे प्रत्यक्ष विठ्ठल यायचा. देवाला जात्यावर बसायची लाज वाटली नाही, तर घरधन्याला नऊ दिवस पाण्याची घागर उचलायला काय हरकत आहे? हे घरी बोलायला अवघड जातं, मला माहीत आहे. म्हणून एकेकटीने नको, गुत्त्यातल्या सगळ्याजणींनी मिळून ठरवा. दुपारी अर्धा तास सावलीत बसून दाणे-गूळ खायचा, हे मालकाला काम धरतानाच सांगा.

लोहाच्या गोळ्या उपासात चालतात का, असं बऱ्याचजणी विचारतात. चालतात. पोटात काहीतरी घालून, पाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. साखरेच्या आजाराची गोळी घेऊन उपाशी राहणं मात्र धोक्याचं आहे. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, बाई शेतातच पडते. अशी गोळी ज्यांना चालू आहे त्यांनी आत्ता हात वर करा, आपण त्यांच्यापासूनच सुरुवात करू.