पिशव्या कुणी धरायच्या?

(धाराशिव जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)

मला विषय दिलाय स्वसंरक्षणाचा. मी जरा बाजूनं जाणार आहे, सांभाळून घ्या.

येरमाळ्याला येडाईच्या चैत्री यात्रेला आपण सगळ्याच जातो. चुनखडी वेचून झाली की पोरं फुगे फोडायच्या दुकानापुढं हटून बसतात. तिथं बंदूक बापाच्या हातात असते; पिशव्या अन् चपला आईच्या. पंधरा-वीस वर्षं मी पिशव्या धरल्या. एका वर्षी त्या नवऱ्याकडं दिल्या, म्हटलं मी मारते. फुगेवाला म्हणाला, "मावशी, खांद्याला लागंल." सहा छर्रे मारले, एक फुगा फुटला नाही. घरी येईपर्यंत मात्र जो तो विचारत होता, "कुणाला मारायचंय?" बापाला हे कुणी विचारत नाही.

खोड काही गेली नाही. लेकीकडं पुण्याला गेले तेव्हा तिनं एका रेंजवर नेलं. मला वाटलं, परवाना मागतील. फक्त ओळखपत्र पाहिलं. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी अन् २० ज्यूलपर्यंत जोर असलेल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. म्हणून ते खेळणं समजू नका. छर्ऱ्यानं डोळा जातो. नळी कायम निशाणाकडं, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, हे त्यांनी आधी घोकून घेतलं.

कागद दहा मीटरवर. मधला दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर, खसखशीच्या दाण्याहून लहान! रायफल चांगली जड. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, वजन दंडानं नाही, हाडांनी पेलायचं. कमरेवर कळशी घेणारीला हे वेगळं शिकवावं लागत नाही. अडलं ते दुसरीकडंच. श्वास थोडा सोडून थांबायचं, चाप हळूच दाबायचा आणि छर्रा सुटल्यावरही हलायचं नाही. मला नुसतं उभं राहताच येईना. गॅसवर दूध ठेवून आल्यासारखी घाई. शिकवणारी मुलगी म्हणाली, "काकू, इथं तुमची कुणी वाट बघत नाहीये." मैत्रिणींनो, हे वाक्य मला कुणी तरी पहिल्यांदाच म्हणत होतं.

आता स्वसंरक्षण. आपल्याकडं येणारी बाई ज्या हाताला भिते तो हात तिच्या घरातच असतो. त्याला छर्ऱ्याच्या बंदुकीचा उपाय नाही, अन् घरात आलेल्या हत्याराचा पहिला धाक तिलाच बसतो. तेव्हा "पोरी सुरक्षित होतील" म्हणून हा खेळ विकू नका. मुलाला क्रिकेट खेळायला कारण लागत नाही, मग मुलीलाच का लागावं?

बायकांना यात कमी लेखायला जागाही नाही. १९९२ला बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये चीनच्या झांग शान हिनं स्कीट नेमबाजीत पुरुषांसह सगळ्यांना मागं टाकून सुवर्ण घेतलं. १९९६ला त्या प्रकारात बायकांना प्रवेशच नव्हता. निर्णय आधीच झालेला होता म्हणतात. असेल, पण घरी बसली ती बाईच. बायकांचं वेगळं स्कीट आलं २०००ला. एअर रायफलमध्येही पुरुषांना साठ गोळ्या, बायकांना चाळीस, असं २०१७पर्यंत चाललं. २०१८पासून दोघांनाही साठ. चाळीसनंतर आपण दमतो असं कुणी ठरवलं होतं, देव जाणे.

आपल्याच राज्यात अंजली भागवत एनसीसीतून या खेळात आल्या अन् २०००ला सिडनीत अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१०ला जगज्जेत्या झाल्या. म्हणून कॉलेजातल्या मुलींना सांगते, एनसीसीचा अर्ज भरताना घरी भांडायची वेळ आली तर आम्हाला बोलवा.

माझ्या दहा छर्ऱ्यांपैकी तीन कागदाला लागलेच नाहीत. एक मात्र नऊच्या रेषेला चिकटलाय. कागद पिशवीत आणलाय, चहाच्या वेळी बघा. अन् येत्या चैत्रात येरमाळ्याला ज्यांना यायचंय त्यांनी नावं द्या. पिशव्या आळीपाळीनं धरू.