पात्र आणि पात्रता



लहानपणीं सोंगट्यांचा पट मांडला म्हणजे पहिलें भांडण होत असे तें रंगावरून. लाल सोंगट्या कोणाच्या आणि हिरव्या कोणाच्या, हें ठरेपर्यंत फांसे कोणी हातांत घेत नसे. वास्तविक पाहतां लाल सोंगटीच्या अंगीं हिरवीहून निराळें असें कांहींच नसतें. बुद्धिबळांत तसें नाहीं. तेथें उंटाची चाल वेगळी, घोड्याची वेगळी, आणि प्याद्याला तर मागें फिरण्याची मुभाच नाहीं. पण हे सगळे मोहरे एकाच खेळाडूच्या हाताखालीं असतात. घोडा मेला तर तो हळहळतो. स्वतः मरत नाहीं. आतां अशी कल्पना करा कीं, पटावरचा प्रत्येक मोहरा निरनिराळ्या माणसाच्या स्वाधीन केला आहे. कोणी उंट झाला आहे, कोणी हत्ती झाला आहे, आणि ते सर्व एकमेकांपासून शेंकडों कोस दूर बसून एकाच पटावर, एकाच वेळीं लढत आहेत. एवढी कल्पना ज्यांना करतां आली, त्यांना आजच्या माझ्या भाषणाचा विषय निम्मा समजला.

आंतरजालावर खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य लढायांच्या खेळांविषयीं मी बोलणार आहें. असे खेळ आज पुष्कळ आहेत. परंतु सर्वांची नांवें घेत बसण्यापेक्षां जो मी स्वतः कांहीं वर्षें खेळलों, त्या ‘डायब्लो’ नांवाच्या खेळाचीच हकीकत सांगितलेली बरी.

या खेळांचें मूळ संगणकांत नाहीं. तें कागदांत आहे. अमेरिकेंत १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. मंडळी भोंवतीं बसावयाची, एकानें कथा चालवावयाची, बाकीच्यांनीं त्या कथेंतलीं पात्रें व्हावयाचें, आणि वार लागला कीं चुकला हें फांशांनीं ठरवावयाचें, असा तो प्रकार होता. आरंभीं त्यांत तीनच वर्ग होते : लढवय्या, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. लढवय्याच्या अंगांत बळ, मांत्रिकाच्या मुखांत मंत्र, आणि धर्मोपदेशकाच्या हातीं जखमा बऱ्या करण्याची शक्ति. पुढच्या सर्व खेळांनीं जी वांटणी थोड्याफार फरकानें उचलली, ती हीच.

पुढें १९८० च्या सुमारास ‘रोग’ नांवाचा एक संगणकावरील खेळ निघाला. त्यांत चित्रें नव्हतीं. पडद्यावरील अक्षरें आणि चिन्हें हींच भुयारें, आणि तींच राक्षस. पण दोन गोष्टी त्याच्या विशेष होत्या. भुयाराची रचना प्रत्येक डावीं निराळी होई, आणि एकदां मेलें म्हणजे पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे. या जातीच्या खेळांवर वाढलेल्या डेव्हिड ब्रेव्हिक यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह ‘डायब्लो’ रचला. खेळाला नांव दिलें तें कॅलिफोर्नियांतील माउंट डायब्लो या पर्वतावरून. आरंभीं तो बुद्धिबळासारखा आळीपाळीनें खेळावयाचा होता. आपण एक चाल करावी, मग राक्षसानें करावी. सहकाऱ्यांच्या आग्रहावरून ब्रेव्हिक यांनीं तो बंध काढून टाकला, आणि खेळ धांवता झाला. विचार करावयास आतां उसंत उरली नाहीं. १९९७ च्या आरंभीं तो लोकांच्या हातीं आला, आणि त्याच्याबरोबरच दूरदूरच्या खेळगड्यांना एकत्र आणणारी ‘बॅटल डॉट नेट’ ही व्यवस्थाही आली. पण त्या पहिल्या खेळांत पात्राची सगळी नोंद खेळणाराच्याच संगणकावर राहत असे, आणि त्यामुळें लबाडीला ऊत आला. २००० सालीं दुसरा ‘डायब्लो’ निघाला, तेव्हां जालावरील पात्रें कंपनीच्या यंत्रांत सुरक्षित ठेवण्याची सोय झाली. मीं खेळलों तो हा दुसरा.

खेळण्याची रीत सांगावयाची तर फार सोपी आहे. माउसनें जेथें खूण करावी तेथें आपलें पात्र चालत जातें. शत्रूवर खूण केली तर वार करतें. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यांत एक तांबडा गोल असतो, तो आपला प्राण; उजव्या कोपऱ्यांत निळा गोल असतो, ती आपली मंत्रशक्ति. तांबडा गोल उतरूं लागला कीं कमरेच्या पट्ट्यांतील औषधाची कुपी रिकामी करावयाची, आणि तीही संपली तर गांवाकडे पळावयाचें. राक्षस मारावे, अनुभव मिळवावा, पातळी वाढवावी, पडलेलीं शस्त्रें उचलावीं. सगळा खेळ एवढाच. मग माणसें त्यांत वर्षानुवर्षें कां रमतात? याचें उत्तर वर्गांत आहे.

या खेळांत आरंभीं पांच वर्ग होते. अॅमेझॉन ही धनुष्य आणि भाला चालविणारी वीरांगना. बार्बेरियन हा रानटी योद्धा. त्याच्या आरोळीनें सोबत्यांचाही प्राण वाढतो. पॅलाडिन हा धर्मयोद्धा. त्याच्याभोंवतीं तेजाचें एक वलय असतें, त्याचा लाभ जवळच्या सर्वांना होतो, पण एका वेळीं एकच वलय धारण करतां येतें. नेक्रोमॅन्सर हा प्रेतविद्येचा साधक. मेलेल्या शत्रूंच्या देहांतून तो सांगाड्यांचें सैन्य उठवितो. आणि सॉर्सरेस ही अग्नि, शीत व वीज यांवर सत्ता चालविणारी जादूगारीण. तिच्या हातांत प्रलय आणि अंगांत मात्र फुंकरीनें विझेल एवढाच प्राण. २००१ सालच्या पुरवणींत असॅसिन आणि ड्रुइड हे आणखी दोन वर्ग आले.

हा वर्ग जन्मानें मिळत नाहीं. तो आपण निवडावयाचा. पण निवडल्यावर त्या पात्राला तो बदलतां येत नाहीं. आणि वर्ग निवडून निवड संपते असेंही नाहीं. प्रत्येक वर्गाला तीस विद्या असतात, आणि प्रत्येक विद्येंत वीस गुणांपर्यंत घालतां येतात. म्हणजे सगळ्या विद्या पूर्ण करावयास सहाशें गुण हवेत. नव्याण्णव पातळ्या चढून आणि नेमून दिलेलीं सर्व कामें करून एका पात्राला मिळतात मात्र एकशें दहा. ज्यांनीं हा हिशेब मांडला त्यांनीं खेळाचा सगळा रस त्यांत भरून ठेवला आहे. सहाशेंच्या दुकानांत एकशेंदहा घेऊन शिरलेल्या माणसानें काय घ्यावें आणि काय सोडावें?

मीं पहिली जादूगारीण केली, ती सगळेंच घेण्याच्या हव्यासानें. थोडा अग्नि, थोडें शीत, थोडी वीज. पातळी वाढली कीं पांच गुण शरीराच्या चार धर्मांत वांटावयास मिळतात. ते मीं प्राणाकडे दुर्लक्ष करून मंत्रशक्तींत घातले. जादूगारणीला मंत्रशक्ति हवी, हें कोणालाही पटेल असें वाटे. पहिल्या फेरींत माझें सगळें उत्तम चाललें. दुसऱ्या फेरींत दम लागूं लागला. तिसऱ्या फेरीला ‘हेल’ म्हणजे नरक असें नांव आहे. तेथें आपली सहनशक्ति एकदम शंभरांनीं घटविली जाते, आणि अग्नीला मुळींच न बधणारे, शीताला न बधणारे असे शत्रु पुढें येतात. तेथें माझा अग्नि कोणाला पोळेना आणि माझ्या विजेनें कोणी दचकेना. एक ना धड, भाराभर चिंध्या, ही म्हण मीं शाळेंत पाठ केली होती. तिचा अर्थ मला त्या नरकांत समजला. आणि त्या काळीं दिलेला गुण परत घेण्याची कांहींएक सोय नव्हती. कित्येक रात्रींचें तें पात्र टाकून नवें करणें एवढाच उपाय होता.

दुसऱ्या वेळीं मीं एकट्या शीतावर भर दिला. तें पात्र बलवान् झालें. पण शीताला न बधणारा शत्रु आला कीं तें पांगळें होई. तेव्हां माझ्या लक्षांत आलें कीं हें पांगळेपण रचणारांनीं मुद्दाम ठेविलें आहे. एका डावांत आठजणांपर्यंत खेळतां येतें. आठ झाले म्हणजे राक्षसांचा प्राणही साडेचार पट होतो. पण ज्याच्यापुढें माझें शीत हरतें त्याला दुसऱ्याचा भाला पुरा पडतो. प्रत्येक वर्गाला जें उणें आहे, तेवढीच जागा शेजाऱ्यासाठीं मोकळी आहे. अर्थात् शेजार म्हटला कीं कुरबूर आलीच. मीं गोठवून मारलेल्या शत्रूचे तुकडे होत, त्याचें प्रेत उरत नसे. आणि प्रेत उरलें नाहीं म्हणजे नेक्रोमॅन्सराचें सैन्य उठावें कशांतून? तो बिचारा रागानें लिहून कळवी कीं बाई, जरा हात आंवरा.

खरी कसोटी मात्र लुटीच्या वेळीं होई. या खेळांत राक्षसाच्या अंगांतून जें पडतें तें सर्वांना दिसतें, आणि जो आधीं उचलील त्याचें होतें. सोन्याला तेथें किंमत उरलेली नव्हती. ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ नांवाची एक दुर्मिळ अंगठी हेंच लोकांनीं आपल्या सोयीनें नाणें ठरविलें होतें. तेव्हां चांगली वस्तु पडली कीं पुढच्या क्षणीं कोण कसा वागतो, यावरून माणूस कळे.

येथें मला एक प्रसंग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. खेळण्याचा एक कडक प्रकार आहे, त्यांत मरण एकदांच. पात्र मेलें कीं मेलें. तें पुन्हा डावांत येत नाहीं. मात्र आपण मेल्यास आपल्या देहावरील वस्तु सोबत्यानें घ्याव्यात, अशी परवानगी आधींच देऊन ठेवतां येते. हें एक प्रकारचें मृत्युपत्रच. २००४ सालीं मी या प्रकारांत खेळत असतांना एक बार्बेरियन माझा नेहमींचा भिडू झाला होता. त्याचें खरें नांव मला ठाऊक नव्हतें, देशही ठाऊक नव्हता. एके रात्रीं वर्ल्डस्टोन कीप नांवाच्या किल्ल्यांत विजेचे लोळ फेंकणाऱ्या पिशाच्चांनीं त्याला गांठलें, आणि कुपीकडे हात जाण्यापूर्वीं तो पडला. त्यानें मला परवानगी दिलेली होती. मीं जाऊन त्याच्या देहावरच्या वस्तु उचलल्या. त्यांत ‘अॅरिएट्स फेस’ नांवाचें एक मौल्यवान् शिरस्त्राण होतें. तें बार्बेरियनावांचून कोणाला घालतां येत नाहीं, म्हणजे माझ्या जादूगारणीला तें निरुपयोगी. पण बाजारांत त्याचे चांगले मोल आलें असतें. मीं तें ठेवून घेतलें असतें तर खेळाच्या कोणत्याही नियमाचा भंग होत नव्हता.

दुसऱ्या दिवशीं तो नवा बार्बेरियन घेऊन आला. पहिली पातळी, हातांत एक कुऱ्हाड. मीं त्याच्या वस्तु त्याच्यापुढें ठेवल्या. त्यानें लिहिलें, “शिरस्त्राण तुझ्याजवळच राहूं दे. तें घालावयास बेचाळिसावी पातळी लागते. तेथवर पोंचलों तर मागेन.” मला त्याच्या बोलण्याचें नवल वाटलें. तें परत मागण्याचा हक्क त्याला होता. परंतु घालण्याची पात्रता नव्या पात्राला अजून यावयाची होती, आणि तोंवर तें आपल्या हाताशीं असूं नये असें त्यालाच वाटत होतें. पुढचे पांच-सहा आठवडे मी तें ओझें वागवीत होतों. एकदां त्याबद्दल एकानें मला त्या अंगठ्या देऊं केल्या, आणि मी क्षणभर थांबलों, हें मी आपणांपासून लपवीत नाहीं. नंतर एके रात्रीं तो आला, आणि “बेचाळीस” एवढेंच त्यानें लिहिलें. मीं शिरस्त्राण जमिनीवर ठेवलें. त्यानें तें उचललें, डोक्यावर घातलें, आणि आम्ही नेहमींसारखे किल्ल्याकडे निघालों.

यानंतर खेळ बदलत गेला. मार्च २०१० मध्यें दिलेले गुण परत घेऊन नव्यानें वांटण्याची सवलत मिळाली. २०१२ च्या तिसऱ्या ‘डायब्लोंत’ तर गुण वांटण्याची पद्धतच गेली; विद्या हव्या तेव्हां बदलतां येऊं लागल्या, आणि लूटही ज्याची त्याला वेगळी दिसूं लागली. त्या खेळांत खऱ्या पैशांनीं वस्तु विकण्याचा लिलावही होता. तो मात्र कंपनीनेंच मार्च २०१४ मध्यें बंद केला, कारण बाजारांत सगळें मिळूं लागल्यावर राक्षस मारण्यांत कोणाला गोडी राहीना. या सुधारणांवर मी टीका करणार नाहीं. माझ्यासारख्या चुकलेल्यांना क्षमा मिळाली, हें चांगलेंच झालें. लुटीवरचीं भांडणें मिटलीं, हेंही चांगलें झालें. परंतु जेथें उचलण्याचा मोहच नाहीं, तेथें न उचलणाराची ओळख कशी पटावी, एवढा एक प्रश्न माझ्या मनांत राहतो.

घरांतला मुलगा रात्रीं अशा खेळांत गढलेला दिसला म्हणजे वडील माणसांना काळजी वाटते, आणि ती अगदींच अनाठायीं नाहीं. झोप आणि अभ्यास यांचें मोल कोणत्याही अंगठीहून अधिक आहे. पण त्याला रागें भरण्यापूर्वीं एकदां शेजारीं बसावें, आणि “तूं कोण झाला आहेस?” असें विचारावें. तो आपल्या वर्गाचें नांव सांगेल. मग “तुझे भिडू कोण, आणि ते तुझ्यावर विश्वास ठेवतात का?” असें विचारावें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर कोणालाही एका खुणेसरशीं मिळवितां येतें. दुसऱ्याचें मिळवावयास मला पांच-सहा आठवडे लागले.