रात्रीची वीज, पहाटेची धुई आणि आपली मोटारसायकल
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलायला आपण जमलो आणि हे मोटारसायकलीचे काय काढले, असे काहींच्या मनात आले असेल. पण हिवाळ्याचे दिवस डोळ्यांसमोर आणा. वेचणी चालू आहे, हरभऱ्याला पाणी द्यायचे आहे, ज्वारीची राखण आहे, कापूस जिनिंगला न्यायचा आहे. बैलजोड्या कमी झाल्या, एसटीचा भरवसा नाही. सगळी धावपळ दुचाकीवर, आणि तीही अंधारात. २०२२ साली देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. हा सरकारचाच आकडा आहे. त्यांतली शंभरातली ४४ दुचाकीवरची होती. डोक्यावर हेल्मेट नव्हते अशी ५०,०२९. घरचा कर्ता असा गेला, तर सोसायटीचे कर्ज त्याच्याबरोबर जात नाही. ते मागे राहते, बाईच्या आणि लेकरांच्या नावाने.

अंधारात कोण पाठवते?

शेतकरी हौसेने रात्री हिंडत नाही. पंपाची वीज पाळीने मिळते आणि पाळी रात्रीची असेल तर बारा वाजता बारे द्यायला जावेच लागते. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली. ज्या फीडरवर दिवसाची वीज पोचली तिथल्या शेतकऱ्याची रात्रीची खेप वाचली. जिथे अजून रात्रीची पाळी आहे, तिथे दिवसाच्या विजेची मागणी ही नुसती पिकाची मागणी नाही, ती जिवाची मागणी आहे. कापसाचेही तेच. एकाधिकार खरेदी गेली, पण जिनिंगच्या दारात रांगेत काढलेली रात्र गेली नाही. जागरण करून पहाटे घराकडे निघालेल्या माणसाचा डोळा कधी लागतो, हे त्यालाही कळत नाही. काटा होऊन पैसे खिशात आले तरी तिथेच दोन तास पडा, मग निघा.

मागणी आपण लढून घेऊ. पण ती मिळेपर्यंत जगायचे आहे, आणि त्यातले बरेचसे आपल्या हातात आहे.

वेगाचा हिशेब

ताशी ६० किलोमीटरने चाललेली गाडी एका सेकंदात १६-१७ मीटर जाते. समोर काही दिसले, मनाने ओळखले आणि हात ब्रेकवर गेला, यात एक-दीड सेकंद जातो. मग ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत आणखी वीसेक मीटर. सगळे मिळून ४० मीटरच्या पुढे. आणि डिपरच्या उजेडात दिसते किती? साधारण ३० ते ४० मीटर. म्हणजे विनादिव्याची ट्रॉली दिसली तेव्हाच वेळ गेलेली असते. तीच गाडी ४० च्या वेगाने असेल तर २५ मीटरच्या आसपास थांबते. दहा किलोमीटरच्या वाटेवर ४० ने गेलो तर पाच मिनिटे जास्त लागतात. एवढाच तोटा.

थंडीने बोटे आखडली की ब्रेकही उशिरा दबतो. म्हणून हातमोजे ही शहरी चैन नाही. जाड कानटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही, पट्टा ढिला राहतो आणि पडताना हेल्मेट आधी उडते. आत पातळ रुमाल बांधा, पट्टा लावा, हेल्मेट आयएसआय छापाचे घ्या. थंडी मारायला म्हणून घोट घेणाऱ्यालाही सांगा, दारूने अंग गरम वाटते, पण आतली ऊब उलट लवकर जाते आणि नजरही.

धुईत अप्पर लावू नका. तो उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. डिपर लावा, वेग पार कमी करा, डावी कड धरून चला. काहीच दिसेना झाले तर डांबर सोडून पूर्ण खाली उतरून थांबा. ऊन निघाल्यावरही सावध राहा. सकाळी उगवतीकडे जाताना सूर्य थेट डोळ्यांत असतो, आणि मागून येणाऱ्यालाही त्याच तिरिपीमुळे आपण दिसत नाही.

रस्त्यावर आपणच काय ठेवतो?

इथे थोडे कडू बोलावे लागेल. तूर, सोयाबीन डांबरीवर कोण पसरवतो? ट्रॅक्टरच्या चाकांची काळी ढेकळे रस्त्यावर कोणाची? दव पडले की ती साबणासारखी होतात. चाक पंक्चर झाले की मागे दगड लावायचे आणि काम झाल्यावर ते तिथेच सोडून जायचे, हीही आपलीच रीत. उसाच्या आणि कापसाच्या ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. जुनी माणसे बैलगाडीखाली कंदील टांगत, तेवढी अक्कल त्यांना होती. त्या ट्रॉलीवर जो आदळतो तो बहुतेक वेळा शेजारच्या गावचा शेतकरीच असतो.

मायबहिणींसाठी एक गोष्ट. पदर, शाल, ओढणी चाकात गेली की क्षणात माणूस खाली. मागच्या चाकाला जाळी असावी हा नियमच आहे. ती काढून टाकली असेल तर आजच बसवून घ्या. पदर खोचून बसा. वेचणीला तिघी-चौघींना एका गाडीवर बसवून नेणारा मजुरीचे चार पैसे वाचवत असेल, पण जीव कोणाचा पणाला लावतो? मागे बसणारालाही हेल्मेट कायद्याने लागते.

कागद सांभाळा

परवाना आणि विमा यांना आपण पोलिसाच्या भीतीचे कागद समजतो. ते घराच्या आधाराचे कागद आहेत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २०२३ पासून अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये आहेत. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज ३० दिवसांत द्यायचा. मेलेला स्वतः गाडी चालवत असेल तर त्याचा परवाना मागतात. गाडीच्या विम्यातल्या मालकाच्या १५ लाखांच्या अपघात संरक्षणालाही परवाना लागतो. आणि विमाच नसला तर समोरच्याची भरपाई आपल्या जमिनीवर येऊ शकते.

अपघात दिसला तर पुढे जाऊ नका. १०८ ला फोन करा. जखमीला मदत करणाऱ्यावर आपले नाव-गाव सांगण्याची सक्ती नाही, असे संरक्षण २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आले आहे. जखमीची मान हलू देऊ नका, बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका.

तर या बैठकीतून गावी जाताना तीन गोष्टी ठरवून जाऊ. पहिली, गावातल्या प्रत्येक ट्रॉलीला आणि बैलगाडीला मागे लाल रिफ्लेक्टर. पट्टीला फार पैसे लागत नाहीत, गावाने एकदम आणावी आणि एका सकाळी चावडीसमोर सगळ्यांनी चिकटवावी. दुसरी, रात्री पाण्यावर जाताना एकट्याने न जाता शेजारच्या वावरवाल्याबरोबर जायचे आणि कधी परतणार ते घरी सांगून निघायचे. तिसरी, ज्या फीडरवर अजून रात्रीची पाळी आहे त्यांची यादी करून पुढच्या बैठकीत आणायची, म्हणजे दिवसाच्या विजेचा मोर्चा कोणत्या गावापासून काढायचा ते तिथेच ठरवता येईल.