पाय सुजले, डोकं दुखतंय? रक्तदाब मोजून घ्या

‘दिवस गेले की पाय सुजायचेच,’ असं घरोघरी म्हणतात. पण सुजेबरोबर न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बरगड्यांखाली कळ असेल, तर अंगावर काढू नका. हा तीव्र प्रीएक्लाम्प्सिया असू शकतो.

गर्भारपणाच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, की या आजाराची शंका घेतात. १६०/११० म्हणजे धोका मोठा. आईला झटके येऊ शकतात. यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांना इजा होऊ शकते. वारेतून बाळाला रक्त कमी मिळतं, त्याची वाढ खुंटते. कधी प्रसूतीआधीच वार सुटते.

झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. पण खरा उपाय बाळंतपण हाच. म्हणून कित्येक बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मतात. बाळंतपणानंतरही सहा आठवडे सावध राहायला हवं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी होते, आशाताईंना विचारा. आणि ही लक्षणं दिसलीच, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा. त्या एका फोनवर दोन जीव अवलंबून असतात.