मापात पाप? – हार्ड डिस्कवरील 'हरवलेल्या' जागेविषयी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



वाङ्मय आणि संगीत हे विषय बाजूला ठेवून मी संगणकाच्या हार्ड डिस्कवर बोलावे, असा आग्रह कार्यकारिणीने धरला, त्याला एक प्रसंग कारण झाला. मंडळाची पन्नास वर्षांची इतिवृत्ते, गणेशोत्सवातील नाटकांची छायाचित्रे आणि जुन्या ध्वनिफिती जतन करण्यासाठी गेल्या वर्षी १ टेराबाइटची हार्ड डिस्क घेण्यात आली. ती संगणकाला जोडली, तेव्हा पडद्यावर आकडा उमटला ९३१ गिगाबाइट. हिशेबतपासनिसांनी शेरा मारला, "१००० पैकी ६९ कमी. खुलासा व्हावा." दुकानदाराने फसविले, असे कोणी म्हणाले, खरेदीच पारखून केली नाही, असे दुसरे कोणी. ज्या तरुण कार्यकर्त्याने ती आणली, तो बिचारा खजील झाला. मापात पाप झाले, असा सर्वांचा ग्रह झाला. तो ग्रह चुकीचा कसा, हे आज सांगावयाचे आहे.

प्रथम एक जुनी गोष्ट आठवू या. ब्रिटिश अमदानीत 'मण' हा शब्द देशभर चाले. पण मुंबईचा मण सुमारे २८ रत्तलांचा, मद्रासचा २५ रत्तलांचा, तर बंगालचा ८२ रत्तलांहून थोडा अधिक. मुंबईच्या व्यापाऱ्याने तीन मण माल पाठविला, तर कलकत्त्याच्या काट्यावर तो जेमतेम एक मण भरे. वाटेत काही सांडलेले नसे आणि चोरीही झालेली नसे. माप दोन आणि नाव मात्र एक, एवढाच घोटाळा होता. १९५६ साली वजने व मापे यांचा कायदा झाला आणि पुढे हा प्रश्न मिटला. हार्ड डिस्कच्या बाबतीत तो अजून मिटलेला नाही.

'बाइट' हे संगणकातील साठवणुकीचे लहान माप; इंग्रजीतील एक अक्षर साधारणपणे एका बाइटमध्ये मावते. कारखानदार १ टेराबाइट म्हणतो, तेव्हा त्याला १ लाख कोटी बाइट अभिप्रेत असतात. किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी, हा दशमान पद्धतीचाच अर्थ तो घेतो. विंडोज ही संगणकप्रणाली मात्र १०२४ च्या पटीने मोजते. तिच्या लेखी १ गिगाबाइट म्हणजे १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, अर्थात १,०७,३७,४१,८२४ बाइट. आता १ लाख कोटींना या संख्येने भागून पाहा. उत्तर येते ९३१.३. आपले ६९ गिगाबाइट कोठे गेले, याचा सारा खुलासा या एका भागाकारात आहे.

मग १०२४ हा विचित्र आकडा आला कोठून? संगणकाच्या स्मृतीतील प्रत्येक घराला पत्ता असतो आणि तो विद्युत्-तारांवरून पाठविला जातो. प्रत्येक तारेच्या अवस्था दोनच : चालू किंवा बंद. एका तारेने २ घरे निवडता येतात, दोन तारांनी ४, तीन तारांनी ८ आणि दहा तारांनी १०२४. हा आकडा हजाराच्या इतका जवळचा, की अभियंत्यांनी सोयीसाठी त्यालाच 'किलो' म्हणण्यास सुरुवात केली. म्हणून आजही ८ गिगाबाइटची स्मृती १०२४ च्याच हिशेबाने पुरी भरते.

हार्ड डिस्कला हे बंधन नाही. तिच्या तबकड्यांवर किती वर्तुळे आखावीत आणि त्यांचे किती भाग पाडावेत, हे दोनाच्या पटीत असण्याचे कारण नसते. १९५६ साली आयबीएमने आणलेल्या पहिल्या डिस्कयंत्राची क्षमताही ५० तबकड्यांवर ५० लाख अक्षरे, अशी दशमान भाषेतच सांगितली गेली.

फरक किलोच्या पायरीवर जेमतेम सव्वादोन टक्के. म्हणून प्रारंभी कोणी मनावर घेतले नाही. पण चक्रवाढ व्याजासारखा तो दर पायरीला वाढतो. मेगाला साडेचार टक्क्यांहून अधिक, गिगाला सुमारे सात, टेराला नऊ. अमेरिकेत यावरून ग्राहक न्यायालयात गेले आणि २००६ साली एका मोठ्या उत्पादकाने तडजोड केली. त्याआधीच, १९९८ साली, आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाने १०२४ च्या पटींना 'किबी', 'मेबी', 'गिबी' अशी स्वतंत्र नावे दिली होती. अ‍ॅपलने २००९ पासून आपल्या संगणकांवर दशमान गणना स्वीकारली. विंडोज मात्र मोजते गिबिबाइट आणि लिहिते गिगाबाइट.

येथे एक सावधगिरीची सूचना. नव्या संगणकात किंवा मोबाइलमध्ये मोकळी जागा याहूनही कमी दिसते, कारण तेथे मूळ प्रणालीने आधीच बिऱ्हाड थाटलेले असते. तो निराळा प्रश्न. आणि खरी लबाडी कशी असते, तेही लक्षात ठेवावे. बनावट पेनड्राइव्ह आकडा कमी दाखवीत नाही. तो भरघोस दाखवितो. खरी जागा संपली तरी तो नव्या फाइली घेतल्यासारखे करतो आणि त्या नाहीशा होतात. पडद्यावरच्या आकड्यावर विसंबून आपल्या नाटकांच्या ध्वनिफिती अशा वस्तूत ठेवल्या, तर पन्नास वर्षांचे संचित गमावण्याची पाळी येईल. म्हणून नवी वस्तू काठोकाठ भरून, भरलेले पुन्हा उघडून पाहावे आणि प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत दुसऱ्या घरी असू द्यावी.

आपल्या डिस्कचे मीही परीक्षण केले. विंडोजमध्ये डिस्कच्या चिन्हावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडले, की गिगाबाइटच्या शेजारी बाइटची पूर्ण संख्या दिसते. ती १ लाख कोटींहून किंचित अधिकच भरली. म्हणजे दुकानदाराने माप पुरते दिले आहे आणि आणणाऱ्यानेही चोख आणले आहे.

हिशेबतपासनिसांना माझी विनंती आहे, की त्यांनी तो शेरा मागे घ्यावा आणि मालमत्तेच्या नोंदवहीत यापुढे क्षमता बाइटमध्ये लिहावी. त्या आकड्याला दोन अर्थ नाहीत. आणि त्या तरुण मित्राला माझी विनंती, की उरलेल्या ध्वनिफिती चढविण्याचे काम त्याने रुसून सोडून देऊ नये. त्यांत आवाज असलेली कित्येक माणसे आता आपल्यांत नाहीत.